पांढऱ्या उंदरांची ‘जोडी’ विकणे थांबवावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात पांढरे उंदीर मागितले की अनेकदा नर-मादीची जोडीच हातात ठेवली जाते आणि ‘एकटा ठेवू नका, सोबत लागते’ एवढाच सल्ला मिळतो. सोबत लागते हे खरे आहे. पण ती नर-मादीचीच असावी, हा समज त्या प्राण्यांच्या, विशेषतः मादीच्या, जिवावर उठणारा आहे.

मादी साधारण सहा आठवड्यांची होताच, कधी त्याही आधी, वयात येते. दर चार-पाच दिवसांनी ती माजावर येते, गर्भकाळ जेमतेम 19 ते 21 दिवसांचा असतो आणि एका वेतात सहा-आठ पिल्ले सहज होतात, बाराही होऊ शकतात. याहून गंभीर गोष्ट अशी की, व्यायल्यावर साधारण एका दिवसातच ती पुन्हा माजावर येते. नर त्याच पिंजऱ्यात असेल, तर अंगावर पिल्ले पीत असतानाच पोटात पुढचे वेत वाढू लागते आणि अवघ्या 20-30 ग्रॅम वजनाच्या त्या जिवाला विसावा असा मिळतच नाही. मेच्या आरंभी आणलेल्या जोडीला महिनाअखेरीस पिल्ले झाली, तर जूनमध्ये शाळा सुरू होता होता दुसरे वेत येते आणि जुलैत पहिल्या वेतातल्या माद्या बापाकडून किंवा भावांकडून गाभण राहू लागतात. निसर्गात वयात आलेली पिल्ले दूर निघून जातात. पिंजऱ्यात ती वाटच बंद असते. दाटी आणि ताण वाढला की नर एकमेकांना चावून रक्तबंबाळ करतात, प्रसंगी आई स्वतःची पिल्ले खाते, आणि मग घाबरलेले कुटुंब सगळ्यांना एखाद्या मोकळ्या जागेत सोडून येते. अंधूक नजरेचा, लांबूनही उठून दिसणारा आणि माणसाने दिलेल्या दाण्यावर वाढलेला तो प्राणी तिथे मांजरांच्या आणि कावळ्यांच्या तोंडी जातो. याला सुटका म्हणणे मला तरी शक्य नाही.

सोबतीसाठी दोन किंवा तीन माद्या एकत्र ठेवाव्यात. त्या सहसा गुण्यागोविंदाने राहतात. वयात आलेले नर एकत्र ठेवले तर बहुधा भांडतातच, त्यामुळे नर पाळायचाच असेल तर त्याला स्वतंत्र पिंजरा आणि माणसाचा रोजचा सहवास द्यावा. लहान प्राण्यांच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेले पशुवैद्य उपलब्ध असतील, तर नसबंदी केलेला नर माद्यांबरोबर राहू शकतो. मात्र शस्त्रक्रियेनंतरही तीन-चार आठवडे त्याला वेगळेच ठेवावे लागते.

नर-मादी ओळखणे दुकानदाराला अवघड नाही. मूत्रद्वार आणि गुदद्वार यांतील अंतर नरात स्पष्टपणे जास्त असते, आणि साधारण दहा दिवसांच्या मादी पिल्लांच्या पोटावर स्तनाग्रांचे ठिपके दिसतात. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसंबंधीच्या 2018 च्या केंद्रीय नियमांत उंदरांचाही समावेश आहे आणि त्यांनुसार दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. तेव्हा मंडळाने नोंदणीकृत दुकानांना नर आणि माद्या वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवण्याची आणि विक्रीच्या वेळी लिंग लेखी कळवण्याची स्पष्ट सूचना द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एकत्र पिंजऱ्यातून घेतलेली मादी अनेकदा आधीच गाभण असते, हेही ग्राहकाला सांगितले गेले पाहिजे.

ज्यांच्या घरी अशी जोडी आजच आहे, त्यांनी नराला आजच दुसऱ्या पिंजऱ्यात हलवावे. मादी व्यायली तर पहिले काही दिवस घरट्याला हात न लावता तिला भरपूर अन्नपाणी द्यावे, आणि पिल्ले चार आठवड्यांची होताच नर पिल्ले आईपासून व बहिणींपासून वेगळी करावीत.

आपला,
एक प्राणिप्रेमी वाचक, ठाणे