ग्रंथपालाची जागा मोबाइल घेणार नाही

‘सगळं मोबाइलवर मिळतं, मग ग्रंथपाल कशाला’ असा सूर लावणारा रविवारच्या अंकातला लेख वाचला, अजिबात पटला नाही. सार्वजनिक वाचनालयाच्या काउंटरवर तासभर उभं राहून बघा, कोणाला ऑनलाइन फॉर्म भरता येत नाही, कोणाला ओटीपी कुठे टाकायचा ते कळत नाही, एखाद्या आजोबांना पुस्तकाचं नाव काही केल्या आठवत नाही, गोष्टीतली बोट तेवढी आठवते, आणि ग्रंथपाल चार प्रश्न विचारून नेमकं तेच पुस्तक काढून देतात. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा १९४९ चा, त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत तर डिजिटल साक्षरता हेही ग्रंथालयाचंच काम म्हटलंय. मग एकाच माणसावर सगळा भार टाकून किंवा पद रिकामं ठेवून हे होणार कसं? आधी माणसं नेमा, त्यांना ट्रेनिंग द्या.

– एक वाचक