मोटारीत बसून जेवायचं, जावं का?

संपादक महोदय,
अमेरिकेतल्या ऑर्लँडोच्या डिस्ने हॉलिवूड स्टुडिओज या थीम पार्कमधल्या 'साय-फाय डाइन-इन थिएटर' या रेस्टॉरंटला जावं का असं सुट्टी जवळ आली की ओळखीचे विचारतात म्हणून लिहितेय. १९९१ पासूनचं आहे हे, जुन्या मोटारींसारख्या टेबलांवर बसायचं, वर चांदण्यांचं खोटं आकाश, समोर पडद्यावर परग्रहवासी नि राक्षसांच्या जुन्या सिनेमांचे ट्रेलर्स, हातात मिल्कशेक, आमची मुलं तर उठायलाच तयार नव्हती! जेवण म्हणाल तर बर्गर-फ्राइज, त्यात विशेष काही नाही, आणि एकामागे एक बसायचं त्यामुळे आजीआजोबा सोबत असतील तर गप्पा होत नाहीत. लहान मुलं असतील तर एकदा जाच, बुकिंग ६० दिवस आधी सुरू होतं, तेव्हाच करून टाका.
— एक वाचक, डोंबिवली