नारिंगी टाकीखाली

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

निघताना तू बजावलं होतंस, "खरं अटलांटिस अंतराळयान आत ठेवलंय, ते बघ. बाहेरच्या प्रतिकृतींवर वेळ घालवू नकोस." अटलांटिस बघितलं, डोळे भरून बघितलं. पण खोलीवर येऊन लगेच लिहायला बसलोय ते बाहेरच्याबद्दलच.

इथे फ्लोरिडात, केनेडी स्पेस सेंटरच्या रॉकेट गार्डनमध्ये रेडस्टोन, अ‍ॅटलस, टायटन अशी जुनी मंडळी ओळीने उभी आहेत. 5 मे 1961 ला अ‍ॅलन शेपर्ड ज्यावर बसून 15 मिनिटांची झेप घेऊन आला, ते रेडस्टोन जेमतेम 25 मीटर उंच. एवढ्याशा नळकांड्यावर माणूस बसवला होता! तिथेच जेमिनीच्या कुपीची प्रतिकृती आहे, आत बसता येतं. मी बसलो, शेजारी एक अनोळखी मुलगा. पाय लांब करायला जागा नाही, वळलं तर खांद्याला खांदा. दोन मिनिटांत अवघडलो. बोरमन आणि लव्हेल हे अंतराळवीर डिसेंबर 1965 मध्ये अशाच कुपीत जवळजवळ 14 दिवस राहिले. आकडा आपल्याला शाळेपासून पाठ आहे, पण तो केवढा मोठा आहे हे आज कळलं.

एक रॉकेट मात्र आडवं ठेवलंय. सॅटर्न वन-बी, 68 मीटर लांब, आणि हे अस्सल. 1973-74 मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर तिघे अंतराळवीर होते, तेव्हा त्यांना आणायला जावं लागलंच तर म्हणून हे सज्ज ठेवलं होतं. जावं लागलं नाही. 1975 च्या अपोलो-सोयुझ या अमेरिका-सोव्हिएत संयुक्त मोहिमेसाठीही ते राखीवच राहिलं. कधीच न उडालेलं रॉकेट बघून हळहळ वाटेल असं वाटलं होतं. पण त्याच्या आठ इंजिनांसमोर उभा राहिलो आणि उलट बरं वाटलं. ते इथे पडून आहे, कारण ते तिघे सुखरूप परतले.

आता ज्याच्यासाठी लिहितोय ते. अटलांटिसच्या इमारतीच्या दारात शटलची नारिंगी इंधनटाकी आणि दोन पांढरे बूस्टर उभे आहेत. पूर्ण आकाराची प्रतिकृती, 56 मीटर उंच. बाळ्या, इथे खरी टाकी ठेवणं सोपं नव्हतंच. प्रत्येक उड्डाणात ती सोडून दिली जायची आणि खाली येताना तिचे तुकडे व्हायचे. यान परत यायचं, टाकी नाही. म्हणून ही खोटी टाकी मला आतल्या खऱ्या यानाइतकीच मोलाची वाटली.

मी खाली उभा राहून बराच वेळ वर बघत होतो. 28 जानेवारी 1986 ला थंडीने कडक झालेलं रबरी कडं अशाच उजव्या बूस्टरच्या खालच्या सांध्यात निकामी झालं, आणि 73 सेकंदांत चॅलेंजर गेलं. 16 जानेवारी 2003 ला टाकीवरच्या फोमचा पाऊण किलोचा तुकडा सुटून कोलंबियाच्या डाव्या पंखाला लागला. आकृत्यांमध्ये आपण हे शंभरदा बघितलंय. पण त्या आकाराखाली उभं राहिलं की पाऊण किलो म्हणजे किती क्षुल्लक, हे पोटात जाणवतं.

तिथून मी सरळ जीव गमावलेल्या अंतराळवीरांच्या स्मारकाकडे गेलो. घोटीव काळ्या ग्रॅनाइटची प्रचंड भिंत, सुमारे 13 मीटर उंच, 15 मीटर रुंद. तिच्यात आकाश दिसतं, ढग सरकताना दिसतात. नावं दगडात आरपार कोरलेली आहेत, मागून उजेड आला की आकाशात लिहिल्यासारखी दिसतात. त्यांत रॉबर्ट लॉरेन्सचं नाव आहे. अंतराळवीर म्हणून निवडला गेलेला हा पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन 1967 मध्ये विमान अपघातात गेला आणि त्याचं नाव लागायला 1997 उजाडलं. तीस वर्षं! मला हे फार लागलं.

मग कल्पना चावला. कोलंबिया परतणार होतं तो शनिवार आठवतो ना? संध्याकाळी टीव्हीसमोर आपण दोघं, आणि उतरायला 16 मिनिटं उरली असताना तुटलेला तो संपर्क. तू रात्री जेवला नव्हतास. आज तिच्या नावाशी माझेही पाय हलेनात.

1991 मध्ये ही भिंत उभारली तेव्हा ती सूर्याबरोबर फिरायची, म्हणजे दिवसभर ऊन नावांमधून यावं. 1997 मध्ये ती यंत्रणा बिघडली, दुरुस्ती परवडेना, तेव्हापासून मागे दिवे आहेत. म्हणजे सूर्यामागे फिरणाऱ्या त्या भिंतीवर कल्पनाचं नाव कधी नव्हतंच. तिचं नाव लागलं तेव्हा भिंत थांबलेली होती. हे लक्षात आल्यापासून मन तिथेच घुटमळतंय.

उद्याचा दिवस मोकळा ठेवलाय. दार उघडताच पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी फक्त बाहेरचंच बघणार आहे.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
बंड्या