ताई, तुम्ही आमच्या मुलीची चौकशी केलीत

ताई, नमस्कार.

परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात मुलांच्या विभागात समुपदेशनासाठी तुमच्यासमोर रोज किती आईबाप येऊन बसत असतील, त्यामुळे खूण सांगतो. सेलूचा किराणावाला, उधारीच्या वहीत पोराच्या रक्तातल्या पेशींचे आकडे, ते काउंट, लिहून ठेवणारा. त्या वहीला तुम्ही हसला होतात.

पोरगा सहा वर्षांचा, रक्ताचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, बरा होण्यासारखा आहे, पण दोन-अडीच वर्षं लागतील. बायकोने विचारलं, "मग शाळा?" मी मनातल्या मनात दुकानाचा गाळा विकून मोकळा झालो होतो. पुढे केशरी कार्डावर फुले योजनेतून बराच भार उतरला आणि दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. त्या सगळ्यांचे उपकार आहेतच. पण हे पत्र पैशाचं नाही.

स्टेरॉइडचे दिवस तुम्हाला आठवत असतील. तोंड सुजलेलं, रात्री दोन वाजता बटाट्याची भाजी हवी, दिली की फेकायची. एकदा मी त्याला चापट मारली. सलाइन लावलेल्या पोराला! हे मी तुमच्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही नुसतं म्हणालात, "हा राग गोळीचा आहे, त्याचा नाही. आणि तुमचीही झोप झालेली नाही." तो झोपला की आम्ही नवराबायको कुजबुजत भांडतो आणि तो डोळे मिटून सगळं ऐकतो, हेही तुम्हीच सांगितलंत. त्यानेच तुम्हाला सांगितलं होतं म्हणे.

पण खरे आभार मुलीसाठी.

भेटायला येणारा प्रत्येक जण पोराचं विचारायचा. "घरी आणखी कोण आहे?" हे फक्त तुम्ही विचारलंत. अकरा वर्षांची आमची थोरली जूनपासून आजीजवळ होती. आई फोनवर सांगायची, "लई शहाणी झालीय, काही म्हणजे काही त्रास नाही." आम्हाला बरं वाटायचं. तुम्हाला वाटलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिला आणायला लावलंत, तेव्हा खरं तर मला रागच आला होता. आणखी एका माणसाची सोय कुठे करायची? शेवटी मामा तिला देवगिरी एक्सप्रेसने घेऊन आला.

इंजेक्शन समजावायला तुम्ही पोरांना कापडी बाहुली देता, ती तिलाही दिलीत. तिने सुई हातात घेतलीच नाही. बाहुलीच्या पाठीवरून नुसती हात फिरवत राहिली. मी दाराशी होतो. तुम्ही काही विचारलं नाही, वाट पाहिलीत. मग ती म्हणाली, "मी त्याला पाठीत धपाटा घातला होता. म्हणून पाठीत इंजेक्शन देतात ना?"

जूनपासून दिवाळीपर्यंत पोर हे एकटीने पोटात घेऊन हिंडत होती. आणि आम्ही म्हणत होतो, शहाणी झाली.

तुम्ही कागदावर हाड काढून दाखवलंत. रक्त हाडाच्या आतल्या मज्जेत तयार होतं, तिथल्याच पेशी बिघडल्या. आजार मेंदूत लपून राहू नये म्हणून औषध पाठीतून जातं. धपाट्याने, दृष्टीने, आईने उपास मोडल्याने कॅन्सर होत नाही. उपासाचं बोलताना तुम्ही बायकोकडे पाहिलंत. तिलाही कुणी बोललं होतं, हे मला तेव्हा कळलं.

आता मेंटेनन्स, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणूनचं औषध, चालू आहे. रात्रीची गोळी बायको देते, कालनिर्णयावर खूण थोरली करते. एकही दिवस चुकलेला नाही. शेजारची दोन पोरं अजून आमच्याकडे खेळायला येत नाहीत, लागण होते म्हणे. त्यांच्या आईला मी तुमच्यासारखंच हाड काढून दाखवलं. जमलं नाही मला, दुधी भोपळा झाला.

परवा दोघं रिमोटवरून भांडले. थोरलीने त्याच्या पाठीत धपाटा घातला, त्याने भोकाड पसरलं. मी गल्ल्यावरून ओरडायला उठलो, आणि परत खाली बसलो.

तुमचा,
वहीवाला