येणे पुढे ढकलले, त्याचे कारण

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

घसा दुखत असल्यामुळे या आठवड्यातले येणे मी रद्द केले, तेव्हा बाबा फोनवर म्हणाले, "साध्या सर्दीचे एवढे काय?" आणि दाराच्या कड्या आपण रोज जंतुनाशकाने पुसतो, तेव्हा मी निर्धास्त यावे, असे आईने सांगितले. त्या वेळी दोघांनाही नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

आई, तुझ्या कष्टांना मी नावे ठेवत नाही. पण प्रत्येक संसर्गाची येण्याची वाट वेगळी असते आणि पहारा भलत्याच वाटेवर बसवला, तर तो कितीही कडक असला तरी रोग आत यायचा राहत नाही. फ्लू आणि कोविडचे विषाणू मुख्यतः श्वासातून, बोलताना आणि खोकताना बाहेर पडणाऱ्या थेंबांतून व सूक्ष्म कणांतून पसरतात. गोवराचे विषाणू तर रुग्ण निघून गेल्यावरही खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतात. म्हणजे खोकणाऱ्या पाहुण्याबरोबर खिडक्या लावून तासभर गप्पा मारल्या, तर पुसलेली कडी काय करणार? तिथे खिडकी उघडणे, अंतर ठेवणे आणि मास्क लावणे हेच उपयोगी. (भिडेपोटी पाहुण्याला काही न बोलणे हा आपल्या घराचा जुना आजार आहे, त्यावर मात्र लस नाही.)

उलट्या-जुलाबांची वाट निराळी. त्यांचे जंतू बहुधा दूषित पाणी, अन्न आणि न धुतलेल्या हातांमधून पोटात जातात. त्यांतल्या नोरोव्हायरस नावाच्या विषाणूवर तुझ्या पर्समधल्या सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही. तिथे साबण आणि वाहते पाणीच हवे, आणि हात निदान वीस सेकंद चोळले पाहिजेत.

बाबा, तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून सांगते. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा तो दुर्गंधीयुक्त हवेतून होतो असेच बहुतेक डॉक्टर मानत होते. तिथलेच एक डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू कुठल्या घरांत झाले याची चौकशी केली आणि बोट ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पाण्याच्या पंपाकडे दाखवले. पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्वतः स्नो यांनीही मान्य केले. पण जर्मन डॉक्टर रॉबर्ट कोख यांनी कॉलऱ्याचा जंतू वेगळा करून दाखवला तो १८८४ साली, म्हणजे जंतू हाती लागण्याच्या तीस वर्षे आधी त्याची वाट सापडली होती.

आता "साध्या सर्दी"बद्दल. माझ्या घशात कोणता विषाणू आहे, हे मला लक्षणांवरून कळत नाही. मला दोन दिवस शिंका आणणारा विषाणू सत्तरी ओलांडलेल्या माणसाला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो, कारण वयाबरोबर प्रतिकारशक्ती मंदावते. त्यात या वयात पुष्कळदा ताप फारसा चढत नाही; कधी नुसती ग्लानी, भूक मंदावणे किंवा बोलण्यातला गोंधळ एवढेच दिसते. तसे काही वाटले, तर ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. फ्लूचा विषाणू सतत बदलत असल्याने त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते, म्हणून गेल्या वेळची चालेल असे समजू नका. न्यूमोनिया आणणाऱ्या न्यूमोकोकस जिवाणूवरच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारा. कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मात्र सर्दीवर घेऊ नका. त्या जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही, आणि उगाच घेतल्या तर औषधाला न जुमानणारे जिवाणू तेवढे वाढतात.

फ्लू असेल, तर लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे साधारण पाच ते सात दिवस तो माझ्याकडून दुसऱ्याला होऊ शकतो. त्यामुळे आठवडाभर थांबते, आणि तोवर खोकलाही ओसरला तर येते. तरीही पहिले एक-दोन दिवस मी मास्क लावून बसेन. बाबांनी तेव्हा हसू नये, आणि आईने खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

तुमची,
लेक