ड्यूकचा एक नंबर रेडिक नाही, डॉकिन्स

संपादक महाशय, सप्रेम नमस्कार,

ड्यूक युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमच्या बेस्ट शूटिंग गार्ड्सची (म्हणजे लांबून शॉट मारून पॉइंट्स करणारे खेळाडू) तुमची यादी वाचली. मी इथे नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतो, ड्यूक इथून जवळच, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय. जे. जे. रेडिक एक नंबरला आणि जॉनी डॉकिन्स थेट तिसरा, हे काही पटलं नाही बुवा.

रेडिकचे पॉइंट्स 2,769 आणि डॉकिन्सचे 2,556, एवढंच बघून तुम्ही निकाल लावलेला दिसतोय. पण रेडिकने 457 थ्री (लांबच्या लाइनबाहेरून मारलेले तीन-तीन पॉइंटचे शॉट) मारले. डॉकिन्स 1986 ला पास होऊन गेला आणि कॉलेज बास्केटबॉलमध्ये देशभर थ्री-पॉइंट लाइन आली 1986-87 च्या सीझनला! (त्याच्या पहिल्या वर्षी एसीसीने, म्हणजे ड्यूक ज्या कॉलेज लीगमध्ये खेळतं तिने, आपल्या आपल्यातल्या मॅचेसपुरता तो प्रयोग केला होता, पण नंतर लाइन काढून टाकली.) आता रेडिकचे सगळे थ्री दोन-दोनचे धरा, 457 वजा करा, उरतात 2,312. म्हणजे डॉकिन्स सरळ 244 ने पुढे, आणि तोही रेडिकपेक्षा कमी मॅच खेळून.

आणि नुसते आकडे तरी किती बघायचे. 1982-83 ला डॉकिन्स आला तेव्हा ड्यूक 11 जिंकून 17 हरलं, एसीसी टुर्नामेंटमध्ये व्हर्जिनियाने 109-66 असं धुतलं, लोक ड्यूकच्या तेव्हाच्या कोचला, कोच के ला, काढा म्हणत होते. तीच पोरं मोठी झाली आणि 1986 ला 37 जिंकून फक्त 2 हरून देशाच्या कॉलेज चॅम्पियनशिपच्या फायनलला गेली, लुईव्हिलकडून 72-69 ने हरली पण डॉकिन्सने त्यात 24 मारले. रेडिकला सगळं तयार ताट मिळालं हो, कोच के चे तीन टायटल आधीच झालेले.

रेडिक भारीच होता, त्यात वाद नाही. फ्री थ्रो 91 टक्के, बाहेरगावी गेला की प्रेक्षक घाणेरड्या शिव्या घालायचे आणि हा शांतपणे टाकतच राहायचा. पण 2006 च्या त्याच देशाच्या टुर्नामेंटमध्ये एलएसयूने (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) त्याच्यामागे एक लांब हाताचा माणूस लावला आणि त्याचे 18 पैकी फक्त 3 शॉट बास्केटमध्ये गेले, ड्यूक घरी. शॉट बंद झाला की डॉकिन्स ड्राइव्ह करायचा, पास द्यायचा, डिफेन्समध्ये समोरच्याला पिळायचा, रेडिकच्या खेळात ते तेवढं नव्हतं.

टायटल दोघांकडेही नाही म्हणा. ग्रेसन ॲलनकडे आहे, 2015 च्या फायनलला पहिल्याच वर्षी 16 मारले, पण नंतर समोरच्यांना पाय घालून पाडत बसला, म्हणून तो माझ्या यादीत खालीच.

आणि अलास्काचा ट्रॅजन लँगडन यादीतच नाही! 1999 ची फायनल शेवटच्या सेकंदांत त्याच्या हातून गेली हे कबूल, पण रेडिकच्या आधी ड्यूकचा खरा थ्री मारणारा तोच होता. पुढची यादी छापाल तेव्हा निदान पाचवा तरी ठेवा त्याला.

– एक वाचक, केरी, नॉर्थ कॅरोलायना