आयव्हीएफ प्रयोगशाळांचे नियम ठरवताना: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन) प्रयोगशाळांत स्वयंचलित यंत्रणा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या वापराला शिस्त लावायची असेल, तर सुरुवात कुठून होते याला फार महत्त्व आहे. भ्रूणाला गुण देणाऱ्या सॉफ्टवेअरकडे सर्वांचे लक्ष चटकन जाते. आपण मात्र आधी नोंदी, तापमान आणि ओळख-पडताळणी यांकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे.

पाचव्या दिवसाचे एकच भ्रूण एका भ्रूणतज्ज्ञाच्या नजरेत ४एबी ठरते, तर दुसऱ्याच्या नजरेत ४बीबी (आकडा वाढीचा टप्पा सांगतो, अक्षरे पेशींचा दर्जा). २०११च्या इस्तंबूल सहमतीने, म्हणजे भ्रूणतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मसुद्याने, निकषांना समान भाषा दिली आणि फलन तपासण्याची वेळही साधारण १७ तासांवर, एखादा तास मागेपुढे, बांधून दिली. त्या वेळी तज्ज्ञ दुसऱ्या कामात अडकला, तर पुढे दोन प्रोन्यूक्लिअस (बीजांड व शुक्राणू यांची केंद्रके) विरून जातात आणि फलन नीट झाले की नाही हे सांगणे अवघड होते. टाइम-लॅप्स इन्क्युबेटर भ्रूण बाहेर न काढता ठरावीक मिनिटांनी छायाचित्रे घेत राहतो, त्यामुळे ही नोंद हुकत नाही. यंत्राचा खरा उपयोग इथे आहे.

गर्भाशयात सोडायच्या भ्रूणाच्या निवडीबाबत मात्र सावध राहावे. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४ केंद्रांतील १,०६६ रुग्णांच्या यादृच्छिक (रुग्ण सोडतीने दोन गटांत विभागलेल्या) चाचणीत सॉफ्टवेअरच्या निवडीनंतर ४६.५ टक्के, तर तज्ज्ञांच्या निवडीनंतर ४८.२ टक्के क्लिनिकल (सोनोग्राफीत दिसलेल्या) गर्भधारणा झाल्या. निवडीचा वेळ सुमारे एक दशांशावर आला, पण सॉफ्टवेअर तज्ज्ञांपेक्षा कमी पडत नाही, हे सिद्ध झाले नाही. असे असताना रुग्णाकडून या निवडीचे वेगळे शुल्क घेणे मला अन्यायाचे वाटते.

गोठवलेली बीजांडे व भ्रूण ज्यात साठवतात, त्या उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनचे महत्त्व मार्च २०१८मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे कळले. टाकी बिघडली, दूरवर इशारा देणारी यंत्रणा बंद होती आणि ४,००० हून अधिक बीजांडे व भ्रूण गमावले गेले. त्या रुग्णांपैकी अनेकांना दुसरी संधी नव्हती.

म्हणून प्रत्येक टाकीला स्वतंत्र इशारा-यंत्रणा, तिची नियमित चाचणी आणि नमुन्यांची बारकोडने पडताळणी सक्तीची करावी. निकालांची नोंद सर्व केंद्रांनी एकाच नमुन्यात द्यावी. आणि निवडीचे सॉफ्टवेअर कोणत्या रुग्णांच्या माहितीवर घडले व त्याची आवृत्ती कधी बदलली, हे केंद्राने रुग्णाला संमतीपूर्वी लेखी कळवावे.

आपली विश्वासू,
एक भ्रूणतज्ज्ञ